नानांची दोन दारांची गाडी

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने मला एका गाडीचा फोटो दाखवला. दोन दारे, बुटकी, लांब नाकाची, मागे पंखासारखे काहीतरी लावलेली. "सेकंडहँड आहे आजी, पण पळते कशी माहितेय?" असे तो म्हणाला, आणि मोठीने मागून त्याला गप्प केले, "अरे, आजी कधी अशा गाडीत बसली असेल का?" तेवढ्यात नेट गेले आणि माझे उत्तर राहून गेले.

उत्तर असे की मी बसले आहे. जळगावहून दोंडाईच्यापर्यंत, भर उन्हाळ्यात, मांडीवर पेढ्यांचे खोके घेऊन. धाकट्या, पुढच्या आठवड्यात तू त्या गाडीच्या कागदांवर सही करणार आहेस, म्हणून हे आत्ताच लिहिते. तू माझे मत विचारलेले नाहीस, तेव्हा मत देत नाही. एक माणूस सांगते.

आम्ही जळगावात मेहरूणला ज्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, त्या घराचे मालक म्हणजे नाना. खाली नाना आणि त्यांच्या पत्नी अक्का, वर तुमचे आजोबा आणि मी. नानांची एमआयडीसीत डाळ मिल होती. जळगावात सगळे त्यांना नानाच म्हणत. ज्यांना ते आवडत नसत तेही नानाच म्हणत, फक्त थोडे लांबवून.

नानांचे जगण्याचे तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावत असे: रिकामी फेरी. जाताना माल नेला आणि येताना गाडी रिकामी आली, की नानांच्या पोटात दुखायचे. डाळ मिलवाल्याला ते शोभूनही दिसते. पण नानांनी ते तत्त्व सगळ्या आयुष्याला लावले होते. जिना चढून आमच्याकडे यायचे तर हातात आमचे वर्तमानपत्र किंवा दुधाची पिशवी असायची. तीही नसली तर अंगणातल्या ढिगातली एक वीट उचलून आणत आणि गच्चीवर ठेवत, कारण गच्चीवर कधीतरी खोली बांधायची होती. खोली झाली नाही, पण आम्ही घर सोडले तेव्हा विटा पुरेशा झाल्या होत्या. एकदा मुक्ताईनगरला दर्शनाला निघाले, तर गाडीत हरभऱ्याची पोतीही निघाली. मुक्ताईपुढे हात जोडले, डोळे मिटले, आणि मागे उभ्या असलेल्या मिलच्या मुनीमजींना तसेच मिटल्या डोळ्यांनी विचारले, "उतरवून घेतली का?"

दुसरी सवय यंत्रांना कान लावण्याची. पाण्याची मोटर असो की कोणाचा फ्रिज, नाना त्याला कान लावून उभे राहत आणि निदान सांगत. माझ्या मिक्सरला कान लावून म्हणाले, "मॅडम, हिची बेअरिंग रडते आहे." मी मिक्सर दुरुस्तीला नेला. बेअरिंग उत्तम होती. तसे सांगितल्यावर नाना विचारात पडले आणि म्हणाले, "मग कारागिराला ऐकू कमी येत असेल."

आता आखाजीचे सांगते, म्हणजे पुढचे कळेल. खान्देशात लेकीबाळींचा खरा सण अक्षय्य तृतीयेचा. त्यालाच आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खातात. पण मुलीने आपल्या आपण उठून यायचे नसते. माहेरच्या पुरुषाने तिच्या दारी जाऊन तिला मानाने आणायचे असते. त्या आणायला जाणाऱ्याला मुराई म्हणतात. दोंडाईच्याला रेल्वे स्टेशन आहे, गाडी सरळ जळगावला येते. पण त्या गाडीने आलेली मुलगी नुसती 'आली' म्हणतात. आखाजीला 'आणावी' लागते.

नानांना एकच मुलगी. तिला सगळे ताई म्हणत. नाना मात्र "माय" म्हणत. ती दोंडाईच्याला दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मुराई म्हणून नाना स्वतः गेले, आणि नेमकी त्याच दिवशी दोंडाईच्याच्या एका व्यापाऱ्याला तूरडाळ पोचवायची होती. नानांनी दोन्ही कामे एका फेरीत बसवली. मिलचा टेम्पो भरून निघाले. डाळ उतरवली, परतीसाठी तिथूनच हरभरा भरला, आणि टेम्पो व्याह्यांच्या दारात नेऊन उभा केला. मुलीसाठी ड्रायव्हरच्या शेजारी जागा होती. तिची पेटी पोत्यांवर जाणार होती.

व्याही म्हणजे गावात मान असलेले, कापसाचा व्यापार करणारे, पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले गृहस्थ. ते ओट्यावर आले आणि टेम्पोकडे बघून म्हणाले, "नाना, ही पोती आमच्यासाठी का?"

"नाही, ती जळगावला जायची."

"आणि आमची सून?"

"तीही जळगावलाच."

व्याही म्हणाले, "आमच्या घरची सून मालासोबत जात नाही. गाडी आणा, मग पाठवू."

"पोतं म्हणजे अन्न आहे माझं," नाना म्हणाले. "अन्नाशेजारी बसायला लाज वाटणाऱ्याच्या घरी मुलगी दिली, ही माझी चूक."

आणि टेम्पो हरभरा घेऊन परत आला. फेरी रिकामी झाली नाही, एवढेच.

त्यानंतर ताई माहेरी येत नव्हती असे नाही. लग्नकार्याला यायची, अक्कांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा येऊन राहिलीही. पण आखाजीला नाही. व्याही म्हणत, बापाने नीट यावे. नाना म्हणत, व्याह्यांनी शब्द मागे घ्यावा. जावई दोघांनाही "बरोबर आहे" म्हणत. दर आखाजीला अक्का अंगणातल्या निंबाला झोका बांधून घेत आणि त्यावर शेजारच्या मुली झुलत. अक्का शिंदखेड्याकडच्या, त्या आजही आपली अहिराणीच बोलतात. झोक्याकडे बघत मला म्हणत, "बठ्ठास्न्या आंडेरी उन्यात. मनी तेवढी नही." सगळ्यांच्या मुली आल्या, माझी तेवढी नाही. हे त्या नानांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत.

अशी बरीच वर्षे गेली. मग कोणाच्याशा लग्नात व्याही नव्या गाडीतून उतरले. एवढी उंच गाडी की उतरायला पायरी होती. मांडवात ते सहज म्हणाले म्हणे, "आता धुळे-जळगाव दोन्ही जिल्ह्यांत याच्यापेक्षा मोठी नाही." नाना जेवण अर्धे टाकून घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी वीट हातात घेऊन आमच्याकडे आले.

"मॅडम, मी गाडी घेतोय. यंदा आखाजीला ताईला आणायला जाणार."

मला फार आनंद झाला. मी विचारले, "मोठी घेताय का?"

"मोठी त्याच्याकडे आहे," नाना म्हणाले. "मला त्याच्या पुढे जाणारी पाहिजे."

या एका वाक्यात सगळा घोटाळा भरलेला होता. पण मला तेव्हा ते फार बाणेदार वाटले.

गाडी पुण्याला मिळाली. कोणा बिल्डरच्या मुलाने हौसेने घेतलेली आणि तितक्याच हौसेने विकायला काढलेली. गडद पिवळी, दोन दारांची, परदेशी. मालक म्हणून मिरवायला नाना आणि साक्षीदार म्हणून मुनीमजी असे दोघे गेले. तिथला प्रकार मला मुनीमजींनी सांगितला. ते साधे, घाबरट गृहस्थ. खोटे बोलण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता. काचेचे दुकान, आत थंडगार, टाय घातलेला विक्रेता. तो इंजिन, गिअर, टर्बो असे काय काय सांगत होता. नाना म्हणाले, "ते राहू द्या. चालू करा." मग बॉनेट उघडून कान लावला. इंजिन गुरगुरले, तसा नानांचा चेहरा नामस्मरणाला बसल्यासारखा झाला.

भाव ठरवायची वेळ आली. आमच्याकडे पूर्वी बैलबाजारात आणि धान्याच्या आडतीवर रुमालाखाली भाव करत. रुमालाखाली एकाने दुसऱ्याची बोटे धरायची, जितकी बोटे तितका भाव, आणि आजूबाजूच्या कोणाला काही कळायचे नाही. नानांनी खांद्यावरचा पंचा काढला, त्या विक्रेत्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची तीन बोटे गच्च धरली. विक्रेता कसनुसा हसत मुनीमजींना म्हणाला, "सरांना बरं वाटत नाहीये का?" मुनीमजींनी खुलासा केला. तो म्हणाला, "पण इथे आपल्याशिवाय कोणीच नाही, सर." नाना म्हणाले, "भिंती काचेच्या आहेत ना?" शेवटी विक्रेत्याने पंचाखाली आपली बोटे सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, नानांनी तो होकार धरला, आणि व्यवहार झाला. तू जाशील तेव्हा खिशात रुमाल असला तरी तो काढू नकोस.

गाडी स्वतःच्या चाकांवर आली नाही. एका ट्रकवर चढून, ताडपत्री पांघरून आली. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. ताडपत्री काढली. अक्का खाली वाकून, आणखी वाकून बघत म्हणाल्या, "हाई काय लई उनात तुम्ही? गाडी शे का पाट शे?" हे काय घेऊन आलात, गाडी आहे की बसायचा पाट?

"स्पोर्ट्स गाडी आहे."

"आंडेर कोठे बसई?"

"पुढे. माझ्याशेजारी."

"आनि मी?"

नानांनी मागच्या सीटकडे बोट दाखवले. त्या गाडीला मागे दोन सीट होत्या. कशासाठी होत्या हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. एकीवर कलिंगड ठेवले असते तर त्याचीही कुचंबणा झाली असती. अक्कांनी आपल्या गुडघ्याकडे पाहिले, सीटकडे पाहिले आणि ओवाळणीचे ताट माझ्या हातात देऊन आत निघून गेल्या. पूजा मी केली. नारळ रीतीप्रमाणे चाकाखाली ठेवायचा होता, पण गाडीचे नाक इतके खाली की नारळ आतच जाईना. शेवटी लिंबावर भागवले.

जळगावात नवी वस्तू आली की पहिले काही दिवस ती मालकाची नसते. लोक यायचे, पेढा खायचे, आत बसायचे, फोटो काढायचे. मेहरूणचे एक वयस्कर काका आत बसले आणि त्यांना बाहेर येता येईना. आधी एकाने ओढले, मग दोघांनी. बाहेर आल्यावर काका धापा टाकत म्हणाले, "गाडी झकास आहे नाना, पण हिच्यात तरणं असताना बसायचं आणि म्हातारं व्हायच्या आत उतरायचं."

खरी अडचण आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती. तिथे स्पीडब्रेकर होता. आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुम्ही पाहिले आहेत. ते वेग कमी करण्यासाठी नसतात, त्यांना गाडी थांबलेलीच आवडते. पहिल्याच दिवशी गाडीचे पोट त्यावर टेकले आणि ती पुढेही जाईना, मागेही येईना. नानांनी मिलमधून दोन जाड फळ्या मागवल्या. स्पीडब्रेकरच्या दोन्ही अंगांना फळ्या टाकायच्या, उतार करायचा, गाडी अलगद पलीकडे न्यायची, फळ्या उचलायच्या. पण फळ्या त्या गाडीत मावत नव्हत्या. म्हणून मुनीमजी फळ्या घेऊन स्कूटरवर पुढे जाऊ लागले. जळगावातली सगळ्यात वेगवान गाडी रोज मिलपर्यंत मुनीमजींच्या स्कूटरमागून जायची. मुनीमजी भित्रे, त्यामुळे स्कूटर सायकलच्या वेगाने. भाजीवाल्या ओरडायच्या, "नाना, मुनीमजींना म्हणा, जरा हळू चालवा!"

आणि रिकाम्या फेरीचे काय? ते मी एकदा विचारले. इतकी वर्षे विटा वाहणारा माणूस, आणि गाडी घेतली ती अशी, की तिच्या डिकीत डाळीचे पोते उभेही राहत नाही आणि आडवेही. नाना म्हणाले, "मॅडम, हिला एकदाच माल आणायचा आहे. दोंडाईच्याहून."



आखाजी दोन दिवसांवर आली तेव्हा नानांनी मला सोबत चलायला सांगितले. अक्का त्या गाडीत बसणार नव्हत्या, आणि व्याह्यांसमोर शिकलेले माणूस हवे होते. "येताना ताई पुढे बसेल, तुम्हाला रेल्वेचं तिकीट काढून ठेवलंय, खिडकीचं," असेही सांगितले. मुनीमजी आदल्या दिवशीच फळ्या घेऊन एसटीने धुळ्याला गेले होते. कंडक्टरने विचारले, हे काय? मुनीमजी म्हणाले, "गाडीचे पार्ट." धुळ्याहून पुढे गावागणिक स्पीडब्रेकर, म्हणून तिथल्या मावसभावाची स्कूटर घेऊन ते पुढे चालणार होते.

गल्लीच्या तोंडाशी मिलमधल्या दुसऱ्या फळ्या टाकून आम्ही सकाळी लवकर निघालो तरी ऊन निघालेच होते. पारोळ्याच्या पुढे महामार्ग मोकळा मिळाला. नाना म्हणाले, "मॅडम, डोकं मागे टेकवा." मी टेकवले. मग काय झाले ते मला नीट सांगता येणार नाही. कोणीतरी मोठ्या तळहाताने मला सीटमध्ये दाबून धरले आणि दोन्ही बाजूंची शेते ओढून नेल्यासारखी मागे गेली. नाना काट्याकडे बघत नव्हते. मान तिरकी करून ऐकत होते. "रडत नाहीये," ते हळूच म्हणाले. "गातेय." मला ते आवडले. मला ओरडावेसे वाटले, आणि बहुधा मी ओरडलेही, कारण पेढ्यांचे खोके पायाशी पडले होते. हे मी तुमच्या आईला सांगितलेले नाही. मग केळीचा एक ट्रक आडवा आला आणि धुळ्यापर्यंत आम्ही त्याच्या मागेच राहिलो.

धुळ्यापासून मुनीमजी पुढे, आम्ही मागे. प्रत्येक गावात ते स्कूटर लावत, फळ्या टाकत, आम्हाला पलीकडे घेत, फळ्या बांधत आणि पुन्हा पुढे निघत. दोंडाईचा आले तेव्हा उन्हाने मुनीमजींचा चेहरा मिरचीसारखा झाला होता. व्याह्यांच्या ओट्यावर पोचताच ते बसले ते उठेचनात. विहीणबाईंनी त्यांना पन्हे पाजले आणि आत पंख्याखाली निजवले.

व्याही दारात उभे होते. त्यांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, ज्याला फार वेळ लागला नाही.

"या नाना. बाकीची गाडी मागून येतेय का?"

"एवढीच आहे," नाना म्हणाले. "पण तुमच्या गाडीच्या आधी मुंबईला पोचेल."

"मुंबईला कोणाला जायचंय? जळगावलाच जायचं ना?"

पण त्यांनी या म्हटले होते, पाणी दिले होते, टोपी काढून नमस्कार केला होता. माझ्या जिवात जीव आला. चहा झाला. मग ताई बाहेर आली, नवी साडी नेसून. तिच्या मागे मोठा मुलगा, माझ्या खांद्याइतका. त्याच्या मागे मुलगी, वेण्या घातलेली. त्यांच्या मागे गडी एक सुटकेस, एक वळकटी आणि सांजोऱ्यांचा डबा घेऊन आला.

नाना बघतच राहिले.

नातवंडे त्यांना माहीत नव्हती असे नाही. खिशात त्यांच्यासाठी गोळ्या होत्या. पण मुराई म्हणून जाण्याचे चित्र ज्या दिवशी त्यांच्या डोक्यात बसले, त्या दिवशी ताई नवी नवरी होती आणि तिच्यासोबत एक पेटी होती. टेम्पो परत आला त्या दिवसापासून ते चित्र तसेच राहिले होते. नानांनी गाडी त्या मुलीसाठी घेतली होती.

"मागे बसतील की मुलं," नाना म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

नातवाला मागे बसवून पाहिले. त्याचे गुडघे हनुवटीला लागले आणि डोके काचेला. "नाना, मान मोडतेय," तो आतून म्हणाला. नात बसायलाच तयार होईना. सुटकेस डिकीच्या तोंडावरच अडली. गल्ली जमली होती.

व्याही म्हणाले, "नाना, पोती नाहीत ती. रचता येत नाहीत."

आता झाले, असे मला वाटले. नाना ताठ झाले. त्यांचा हात पंचाकडे गेला. निघायचे असले की ते पंचा झटकत. आणखी एक आखाजी गेली होती, आणि ही गेली की पुढची येईल असे मला वाटत नव्हते. दोघांचीही वये झाली होती.

व्याह्यांनाही ते दिसले असावे. ते जरा खालच्या पट्टीत म्हणाले, "असं करा. आमची मोठी गाडी घेऊन जा. ड्रायव्हर देतो."

"तुमच्या गाडीतून गेली तर मुराई कोण झालं?" नाना म्हणाले. "तुम्ही पाठवली म्हणतील. मी आणली असं कोण म्हणेल?"

"मग रेल्वेने न्या."

"रेल्वेने तर ती कधीही आली असती!"

"मग काय दोरी बांधून ओढत नेता?"

"झालं तुम्हा दोघांचं?" ताई म्हणाली. ती ओट्याची पायरी उतरून दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "नाना, आबा, इतकी वर्षं मी ऐकतेय. आखाजी मनी शे. तुम्हनी दोन्हीस्नी नही." आखाजी माझी आहे, तुमची दोघांची नाही. तिने सासऱ्यांपुढे हात केला. "आबा, चावी."

व्याह्यांनी निमूट चावी दिली. नाना म्हणाले, "माय, तुला चालवता येते?"

"नंदुरबारला जाते मी एकटी. आबांनी शिकवली."

नानांनी व्याह्यांकडे पाहिले. "तुम्ही शिकवली?"

व्याही दुसरीकडे बघत म्हणाले, "दारात गाडी उभी आणि सून रिक्षाची वाट बघते. बरं दिसतं का ते?"

ताईने मुलांना मोठ्या गाडीत चढवले, सामान मागे टाकले. "नाना, तुम्ही पुढे चाला, मी मागून येते. बाप पुढे आणि लेक मागे. आणली नाही असं कोण म्हणतो बघू." मी तिच्या गाडीची पायरी चढताना नानांनी हाक मारली, "मॅडम, तुम्ही इकडे. माझी सीट रिकामी जाईल." मी सांगितले की माझ्या कमरेने एका दिवसात एकदाच धावायचे कबूल केले आहे.

व्याही अजून त्या पिवळ्या गाडीभोवती फिरत होते. मघापासून त्यांची ती तिसरी की चौथी प्रदक्षिणा असावी. ते खाली वाकले, आत डोकावले आणि कोणालाही उद्देशून नाही अशा सुरात म्हणाले, "मना पाय जाई का यामा?"

नाना म्हणाले, "बसून बघा."

पाय गेला. पाठोपाठ बाकीचे व्याहीही गेले. मुनीमजी उठण्याच्या स्थितीत नव्हते. त्यांच्या फळ्या मागच्या दोन सीटवर तिरक्या घालून त्यांची टोके खिडकीतून बाहेर काढली आणि ती मिरवणूक निघाली.

दोंडाईच्याच्या वेशीबाहेरच्या पहिल्या स्पीडब्रेकरवर आम्ही मागे थांबलो, तेव्हाचे दृश्य मी विसरणार नाही. पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले व्याही गाडीतून कसेबसे बाहेर आले, फळ्या ओढून काढल्या आणि भर रस्त्यात खाली वाकून चाकापुढे टाकू लागले. नाना खिडकीतून डोके काढून ओरडत होते, "अहो तिरपी! तिरपी टाका! कापूस आहे का तो?" व्याही म्हणाले, "तुम्ही गप बसून चालवा. टेम्पो नाही हा." ताईने स्टिअरिंगवर डोके टेकवले. रडते आहे असे वाटून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती हसत होती. मग तिने बाजूने गाडी काढली, कारण बाप पुढे आणि लेक मागे या वेगाने आम्ही आखाजीला नाही, पोळ्याला पोचलो असतो.

आम्ही मेहरूणला पोचलो, जेवलो, पोरे झोक्यावर झुलून कंटाळली, तेव्हा कुठे गल्लीच्या तोंडाशी पिवळे नाक दिसले. व्याह्यांच्या कपड्यांचा रंग रस्त्यासारखा झाला होता. त्यांना बाहेर काढायला ताई आणि मी दोघी लागलो. फळ्या आधी डावीकडची टाकावी की उजवीकडची, यावर दोघांचे वाद चालूच होते. अक्का दारात कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दोन्ही म्हातारा पाट मांडत उनात का? चला, मग जेवाले बसा." दोघे म्हातारे वाटभर पाट मांडत आलात का, तर मग जेवायलाच बसा.

समेट वगैरे काही झाला नाही. कोणी शब्द मागे घेतला नाही. जेवताना नाना म्हणाले की गाडीला आवाज कसा आहे ते व्याह्यांना कळलेच नाही, आणि व्याही म्हणाले की आवाजाची जाहिरात करणारा माल ते घेत नाहीत. पण पुरणपोळी त्यांनी मागून घेतली. संध्याकाळी ताई झोक्यावर बसली आणि तिच्याच मुलाने तिला झोका दिला. नाना तेव्हा गाडीचे पोट घासले का ते बघायला खाली वाकले होते. ते बराच वेळ वाकूनच राहिले.

पुढे ती गाडी फार चालली नाही. मिलच्या शेडमध्ये उभी असे आणि नाना आठवड्यातून एकदा ती सुरू करून ऐकत. ते गेल्यावर ताईने ती नाशिकच्या एका तरुणाला विकली. स्पीडब्रेकरचे त्याला आधीच सांगितले होते. त्याने हसण्यावारी नेले. मेहरूणचे आमचे बिऱ्हाड आम्ही केव्हाच सोडले, पण अक्का तिथेच आहेत आणि मी त्यांच्याकडे जाते.

त्या घरात मुराई म्हणून जायला आता कोणी पुरुष नाही. म्हणून दर आखाजीला ताईचे सासरे तिला स्वतः आणून सोडतात. सुनेला सासऱ्याने माहेरी आणून सोडायची रीत खान्देशात नाही. ते तरी आणतात. अक्कांच्या हातचे जेवतात, गाडी रिकामी परत न्यायला नको म्हणून ताईकडे ठेवतात आणि रेल्वेने एकटे दोंडाईच्याला परत जातात. या वर्षीही आले होते.

तुमची,
आजी